शेवटची खुडणी

आमच्या यादोदादाच्या पायांना त्या माघात भलताच भाव आला होता. सकाळी एक गाडी दारात यायची, दुपारी दुसरी. सकाळच्या गाडीतली माणसं संशोधन केंद्राची, दुपारच्या गाडीतली बियाणं बचाव मंचाची. दोघांनाही दादा हवा होता, आणि एकाच दिवशी, एकाच मांडवात हवा होता.

दादा अंगणात बाजेवर बसून दोघांचंही ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि गाडी गेली की वहिनीला म्हणायचा, "पाह्य वो, तरणा होतो तवा एक पोरगी मिळता मिळत नव्हती. आता ऐंशीव्या वर्षी दोन-दोन सोयरिकी येऊन रायल्या."

"जा ना मंग एखादीसंग," देवांगनावहिनी चुलीपासून म्हणायची. "तेवढाच माझा तांदूळ वाचंल."

दादा चालतो ते चवड्यांवर. टाच जमिनीला टेकत नाही, गुडघे एकमेकांवर घासतात आणि दोन्ही हातांत बांबूच्या काठ्या लागतात. हा आजार लाखोळीचा. अख्ख्या तालुक्यात असा चालणारा आता तो एकटाच उरला होता, म्हणून तर गाड्या येत होत्या.

लाखोळी म्हणजे आमच्या धानपट्ट्यातली गरिबाची डाळ. कापणीच्या आधी उभ्या धानात बी फेकून द्यायचं. धान निघालं की त्याच ओलीवर ती वाढते. नांगर नको, खत नको, पाणी नको. सगळी पिकं जळाली तरी ही उभी असते, आणि घात तिथंच आहे. बाकी काही नसतं तेव्हा माणूस नुसती तीच खातो. दाण्यात एक विष असतं. डाळीच्या चार घासांनी, दोन वड्यांनी काही होत नाही. पण महिनोन्‌महिने तीच पोटात गेली तर कण्यातल्या, पाय चालवणाऱ्या नसा मरतात. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही जुन्या मालगुजाराच्या शेतावर राबत होतो आणि मजुरी लाखोळीत मिळत होती. दादा सोळा वर्षांचा. राबणारा म्हणून आई त्याच्या ताटात जास्त वाढायची. मी लहान, मला कमी. म्हणून मी आज सरळ चालतो.

संशोधन केंद्रानं जी नवी लाखोळी केली तिला आम्ही पांढरी म्हणत होतो. जुनीचं फूल निळं असतं. नवी लगेच ओळखू यावी म्हणून तिचं फूल पांढरं ठेवलं होतं. तिच्या जनुकात असा बदल केला होता की दाण्यात विष उतरतच नाही. आमच्या बोडीटोल्यातच, तळ्याखालच्या कुंपण घातलेल्या वावरात, ती काही वर्षं पेरून पाहिली होती. आणि आता नवीन कायद्याप्रमाणे, जिथं बियाणं आधी पेरलं त्याच गावात दिल्लीची समिती येऊन सगळ्यांसमोर सुनावणी घेणार होती. गाव बोलेल, शास्त्रज्ञ बोलतील, विरोधक बोलतील, मग समिती ठरवेल.

केंद्राचे डॉक्टर पांडव दादाला म्हणाले होते, "बाबा, तुम्ही फक्त एवढंच सांगा, हे बी तेव्हा असतं तर मी आज चाललो असतो."

मंचाच्या संजीवनीताई म्हणाल्या होत्या, "आजोबा, तुम्ही एवढंच सांगा, तेव्हाही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आणि बियाणं एकदा बाहेर पडलं की त्याला परत बोलावता येत नाही."

"दोघंबी खरंच बोलून रायले," दादा मला म्हणाला. "हीच तर पंचाईत हाये."

दादाला मनातून पांढरी हवी होती, हे मला ठाऊक होतं. लाखोळीचे वडे त्याला फार आवडायचे. पाय गेल्यापासून आमच्या आईनं आणि मग वहिनीनं ते घरात कधी तळले नाहीत. दाणा वर्ज्य, पाल्याची भाजी तेवढी चालायची. दुसरं कारण रोशनी. ही दादाची नात, मुलाची मुलगी. शाळेत असताना आजा असा का चालतो म्हणून विचारत सुटली, ती विचारत विचारत थेट केंद्रात शास्त्रज्ञ होऊन बसली. पांढरी जितकी पांडवसाहेबांची, तितकीच तिची.

सुनावणीच्या दोन दिवस आधी रोशनी घरी आली. वहिनीनं भात वाढला, वर लाखोळीच्या पाल्याची पातळ भाजी वाढली. पोरगी भुकेली होती. बोटं चाटत जेवली. मग हात धुवायला परसात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

मी जाऊन पाहिलं तर ती वाळवणाच्या सुपापाशी उभी. सुपात लाखोळीचे शेंडे वाळत घातले होते. तिच्या बोटावर एक पाकळी चिकटली होती. पांढरी.

"आजी," तिनं हाक मारली, "हे कुठलं?"

"परसातलं. वालाच्या मांडवामागं."

"परसात पांढरी कुठून आली?"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "सरव्याची."

सरवा म्हणजे पीक निघाल्यावर वावरात सांडलेलं वेचणं. तो बायांचा हक्क. कोणी मालक अडवत नाही, अडवला तर गाव थुंकतं. केंद्रानं पांढरीच्या वावराला तारेचं कुंपण घातलं होतं, राखणदार ठेवला होता, मजुरांचे खिसेसुद्धा तपासले जायचे. पण पीक उचलल्यावर बाया टोपल्या घेऊन आल्या तेव्हा राखणदारानं फाटक उघडून दिलं. देणारच. पहिली टोपली त्याच्याच आईची होती.

"किती घरी गेली?"

"मोजली कोणं? लेकी-बाळीले ओटीत दिली कोणं कोणं."

रोशनीनं कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागली. "संजीवनीताई दोन वर्षं हेच ओरडून राहिल्या, आणि आम्ही म्हणतो कुंपण आहे!"

मग तिचं हसू थांबलं. सुपातला एक शेंडा तिनं उचलला. पानांच्या बेचक्यात कोवळी शेंग होती.

"आजी, ही खुडली कधी?"

"शेंगा धरल्यावर. शेवटची खुडणी नाही का? उन्हाळ्यात वाळवणाची भाजी खात नाही तू? लहानपनापासून खाऊन रायली."

रोशनी तिथंच ओट्यावर बसली. मी विचारलं, "का झालं पोरी?"

"आम्ही गावोगाव प्रश्न विचारले होते, लहान आजा. पाला खाता का? सगळे म्हणाले, खातो. मग आम्ही कोवळा पाला तपासला. चांगला निघाला. गुरांसाठी वाळलेलं कुटार तपासलं. तेही चांगलं. मधला पाला कोणी तपासला नाही." तिनं हातातला शेंडा बोटांत फिरवला. "तो प्रश्न मीच लिहिला होता. केव्हा खाता, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि मी ह्याच घरात ती भाजी खाल्ली आहे."

तिच्या पिशवीत तपासणीची डबी होती. पान वाटून पाण्यात घालायचं, डबीतल्या कागदी पट्टीवर थेंब सोडायचा आणि पट्टीचा रंग फोननं वाचायचा. तिनं वहिनीच्या परसातली पांढरी तपासली. शेजारच्या बांधावरून जुनी निळी आणून तपासली. पुन्हा दुसऱ्या झाडांची पानं आणून तपासली. दादा बाजेवरून बघत होता.

"निळीपेक्षा पांढरीत जास्त आहे," ती शेवटी म्हणाली. "पुष्कळ जास्त."

"पण पांढरीत विषच नाही म्हणता ना?" वहिनी चिडून म्हणाली.

रोशनीनं तळ्याकडे, पाणी सोडायच्या तुडुमाकडे बोट दाखवलं. "आजी, पान म्हणजे तळं समज. विष तयार होतं पानात. शेंग भरायला लागली की ते दाण्यात उतरतं, तळ्याचं पाणी तुडुमातून वावरात उतरतं तसं. आम्ही काय केलं? तुडूम बंद केलं. वावर कोरडं राहिलं, आम्ही खूश झालो. पण वरून पाणी येतच होतं. मग ते गेलं कुठं?"

"तळ्यातच साचलं," दादा म्हणाला.

"तळ्यातच साचलं. पुढं पान सुकलं की ते मोडून जातं, म्हणून कुटारात सापडलं नाही. पण तुम्ही बाया नेमक्या त्याच वेळी खुडता."

"आणि आम्ही खाल्ली ते?" वहिनीचा आवाज एकदम बारीक झाला.

"वाटीभर भाजीनं काही होत नाही, आजी. रोज, महिनोन्‌महिने, दुसरं काही नसताना खाल्ली तरच."

ते "दुसरं काही नसताना" आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी ती तळ्याच्या पाळीवर जाऊन पांडवसाहेबांशी बोलली. मी गुरं घेऊन परतत होतो. फोनचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू आलं. पांडव काही वाईट माणूस नव्हता. त्यानं उमर घातली होती त्या बियाण्यात. तो म्हणत होता, "रोशनी, आपला अर्ज डाळीचा आहे, भाजीचा नाही. डाळ शंभर टक्के चांगली आहे, हे खोटं आहे का? आता तू हे काढलंस तर समिती सगळंच थांबवेल. निधी संपलाय. पुन्हा मिळणार नाही. आधी मंजुरी येऊ दे. मग सूचना काढू, शेवटचा पाला खाऊ नका."

"सर, ती सूचना माझी आजी वाचणार आहे का?"

"दोन दिवस थांब एवढंच म्हणतोय."

ती घरी आली आणि दादाच्या बाजेच्या पायथ्याशी बसली. डोळे कोरडे होते, पण चेहरा उतरला होता. "आजा, मी बोलले तर पांढरी गेली. तुमच्या हयातीत येणार नाही कदाचित. आणि आजीचं परस उपटतील. गावातल्या बाया मला दारात उभं करणार नाहीत."

दादानं काठ्या जवळ ओढल्या. उठायचं नसलं तरी बोलताना त्याला त्या हातात लागतात.

"मालगुजाराच्या कोठारावर एक मापाडी होता," तो म्हणाला. "आमाले लाखोळी मोजून द्याचा. भला माणूस. माप कधी मारलं नाही, वरून मूठभर जास्तच टाके. मागून समजलं, तो सोता लाखोळी खातच नव्हता. त्याच्या घरी तुरीची डाळ शिजे. त्याले मालूम होतं."

"मग सांगितलं का नाही त्यानं?"

"म्या विचारलं होतं त्याले, पाय गेल्यावर. तो रडला बापा. म्हणे, कोणं मले विचारलंच नाही."

वहिनी चुलीतलं लाकूड सरकवत होती, तिचा हात थांबला.

"तू दुपारी ती भाजी खाल्ली," दादा रोशनीला म्हणाला. "तू काही मापाडी नाही. जे तुह्या ताटात आलं तेच सांग. बाकी माह्या वड्याचं मी पायतो."

"आणि माझं परस?" वहिनी म्हणाली.

"तुह्यं परस सरव्याचं. फुकटात आलं, फुकटात जाईन."

"तुमचं काय जाते बोलाले!" वहिनी उठून आत गेली. सुपातली भाजी मात्र तिनं उकिरड्यावर टाकली, हे मी पाहिलं.

सुनावणीला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. समितीच्या अध्यक्ष बाई पिकल्या केसांच्या, शांत. पांडवसाहेब चांगले बोलले. उंदरांवरचे, कोंबड्यांवरचे, माणसांवरचे प्रयोग त्यांनी सोपे करून सांगितले. संजीवनीताईही चांगल्या बोलल्या. वाऱ्यानं, माशीनं, माणसानं बियाणं पसरतं, आणि जुनी निळी उद्या लागली तर कुठून आणायची, असं त्यांनी विचारलं. लोक ह्यालाही टाळ्या वाजवत होते, त्यालाही.

मग आमच्याच गावचा रूपचंद उठला. पांढरीच्या बाजूनं बोलायचं म्हणून त्याला भारी हुरूप. "ताई म्हणतात खाऊन पायलं कोणं? अवो, आमच्या गावानं खाल्ली ना! दाना खाल्ला, भाजी खाल्ली, वरीसभर. कोणाले काही झालं का जी? काहीच झालं नाही!"

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. रूपचंदला आपण काय बोललो ते उमगलं आणि तो खुर्चीआड लपायला लागला.

"बियाणं कुंपणाबाहेर कसं आलं?" अध्यक्ष बाईंनी विचारलं.

राखणदार जमिनीकडे पाहत होता. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. मग देवांगनावहिनी उभी राहिली. मला वाटलं ती रोशनीवर राग काढणार.

"सरवा वेचला जी आमी," ती म्हणाली. "हे चोरी नाही, रीत हाये. तुमी कुंपण घातलं, रीत नाही इचारली. आता ही माही नात काही सांगते, ते ऐका. तिले मंधात बोलू नका."

रोशनी उठली. तिनं पांडवसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि सगळं सांगितलं. तळं, तुडूम, शेवटची खुडणी. चुकीचा प्रश्न आपणच लिहिला, हेही सांगितलं.

रूपचंदला राहवलं नाही. "पण झालं तर काहीच नाही ना!"

तेव्हा दादानं काठ्या उचलल्या. तो चवड्यांवर, गुडघे घासत पुढं गेला. केंद्राच्या आणि मंचाच्या गाडीवाल्यांनी दोन्हीकडून मान उंच केली. त्यांना वाटलं, आता आपलं वाक्य येणार.

"मलेबी काहीच झालं नव्हतं, रूपचंद," दादा म्हणाला. "दोन हिवाळे खाल्ली. कबड्डीत माह्या पायाले कोणं धरू शकत नव्हतं. काहीच झालं नव्हतं. मंग एक दिवस सकाळी उठाले गेलो." त्यानं काठी जमिनीवर टेकवली. "काही झालं नाही, हे मोजणं नव्हे बापा. या पोरीनं मोजलं, ते मोजणं. मले पांढरी पायजे. पण पुरी मोजून पायजे."

समितीनं मंजुरी दिली नाही. नाकारलंही नाही. परसांतली पांढरी उपटायला सांगितली, आणि प्रयोग पुढं चालवायचा असेल तर पाला प्रत्येक खुडणीला तपासायचा, गावातल्या बायांना विचारून तपासायचा, असं लिहून दिलं. संजीवनीताईंना तपासणीवर नजर ठेवायला घेतलं. त्या जाताना रोशनीला म्हणाल्या, "तुझ्याशी भांडायला आता मजा येईल."

वहिनीचं परस उपटायला माणसं आली तेव्हा तिनं त्यांना चहा दिला आणि शिव्याही दिल्या. काही दिवस बाया रोशनीशी फटकून वागल्या. पांडवसाहेबांचा निधी खरंच आटला. पण त्या सुनावणीची बातमी फिरली, आणि जिथून आशा नव्हती अशा एका विद्यापीठानं थोडे पैसे दिले. मोठी प्रयोगशाळा गेली. रोशनी आमच्या पडवीत एक टेबल आणि डबी घेऊन बसली. पांडवसाहेब रुसले होते, पण शेंगा भरायच्या दिवसांत एकदा आले, पट्टीचा रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तिथंच बाजेवर झोपून गेले. दुसऱ्या दिवशी उठल्यावर म्हणाले, "तुडूम बंद करून भागायचं नाही. वरचा झरा, पानात विष बनतं तोच, अडवावा लागेल. फुलोरा आल्यावर तेवढा." मग ते दोघं पुन्हा कामाला लागले.

एक अडचण होती. नवीन पांढरी मोजायची तर शेजारी जुनी निळी लागते, त्याच मातीत, त्याच ओलीत, चांगली राखलेली. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. प्रयोगासाठी मुद्दाम विषारी पीक जपायला कोणी तयार होईना.

"माह्या बांधीत पेरा," दादा म्हणाला.

तेव्हापासून दोन हिवाळे दादा बांधावर खाट टाकून निळीची राखण करत होता. गुरं हाकलायचा, सरव्याला आलेल्या बायांना काठी दाखवून परत पाठवायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, जिनं पाय नेले तिलेच गोंजारून रायला का गा?"

"तिचा का दोष?" तो म्हणाला. "ती तं दुष्काळात उभी रायली. बाकीचेच पळाले." निळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. तो खूश दिसत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात शेवटच्या खुडणीची पट्टी कोरी आली, रंग चढलाच नाही. संजीवनीताईंनी आपल्या डबीत पुन्हा तपासली. कोरी. डाळही कोरी. समितीची माणसं पुन्हा आली आणि या वेळी मंजुरी देऊन गेली. निळी कायम राखायची आणि तिचं बी गावातच ठेवायचं, ही संजीवनीताईंची अटही त्यात होती. त्या बियांचं मडकं दादाच्या खाटेखाली आहे.

मंजुरीच्या दिवशी वहिनीनं वडे तळले. नव्या पांढरीची डाळ, आणि सोबत शेवटच्या खुडणीची भाजी. नागपूरहून बातमीवाले आले होते. अंगणात पंगत बसली. पांडवसाहेब, संजीवनीताई, रूपचंद, राखणदार आणि त्याची आई, सगळे.

दादानं वडा मोडला. वर बघून म्हणाला, "रोशने, मोजलं ना?"

"मोजलं, आजा."

"मंग पयले तू खा."

तिनं खाल्ला. मग त्यानं खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. साठ-पासष्ट वर्षांनी तो ती चव घेत होता. बातमीवाल्या पोरीनं माइक पुढं केला. "आजोबा, एक वाक्य सांगा. कसं वाटतंय?"

पांडवसाहेब थांबले. संजीवनीताई थांबल्या. वहिनी झारा हातात धरून चुलीपाशी थांबली.

"मीठ कमी हाये," दादा म्हणाला.

"तुमाले तं माह्या हातचं कधी बराबर लागलं का?" वहिनी कडाडली, आणि मिठाचं भांडं आणून त्याच्या ताटापाशी आदळलं.

त्यानं मीठ घेतलं नाही. ताट पुढं करून आणखी दोन वडे वाढून घेतले.